अर्धा राहिलेला तपास

"बाबा, परत गप्प राहायचंच निवडलंत?" फोनवर लेक हसली. "मग ती धोबीण काय कपाळ सांगणार?"

"उगाच कशाला खोदून खोदून विचारायचं बिचारीला?"

"अहो, तुम्ही डिटेक्टिव्ह आहात! या गेममध्ये मारामारी नाही, पळापळ नाही. बोलत बोलतच पुढे जायचं. आई तर सगळ्यांशी तासन्‌तास बोलायची."

फोन ठेवून तो पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसला. खुर्ची बायकोची, कीबोर्डशेजारचा चष्माही तिचाच. तिला जाऊन चार महिने झाले होते आणि गेममधला खुनी शोधायचं तिचं राहून गेलं होतं. निदान एवढं तरी आपण पुरं करावं, असं त्यानं मनावर घेतलं होतं.

एकतीस वर्षं तो पंपहाऊसवर मेकॅनिक होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावली की आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते छातीठोक सांगायचा. दिवसभर ती घरघर ऐकून घरी आला की त्याला शांतता हवी असायची. बायको सुरुवातीला खूप बोलायची. हा "हं" म्हणून कूस बदलायचा. पुढे पुढे ती बोलेनाशी झाली, आणि घर कसं सुरळीत चाललंय, असं हा शहाणा समजत राहिला. आवाज थांबला म्हणजे पंप बंद पडला, हे ज्याला कळत होतं, त्याला घरातलं तेवढं कळलं नाही.

आधी काय काय घडलं ते बघावं म्हणून त्यानं गेममधली डिटेक्टिव्हची वही उघडली. झालेलं प्रत्येक बोलणं तिथे लिहिलेलं होतं. बायकोनं काय काय विचारून ठेवलं होतं! धोबिणीचा गुडघा कसा आहे, दिवाबत्तीवाल्याच्या मुलाचं पत्र आलं का. खुनाशी या चौकशीचा काडीचाही संबंध नव्हता. त्याला हसू आलं.

मग एका पानावर तो थबकला. बरोबरच्या हवालदारानं डिटेक्टिव्हला विचारलं होतं, "घरी कोणी आहे का तुमचं?" खाली तीन उत्तरं होती. 'नाही.' 'आहे, वाट बघतंय.' 'आहे, पण बोलत नाही.'

तिसऱ्यावर खूण होती.

बऱ्याच वेळानं त्यानं लेकीला फोन लावला.

"यातलं जुनं उत्तर बदलता येतं का गं?"

"कुठलं?"

"आहे एक."

"पहिल्यापासून खेळलात तर येईल. पण आईचं सगळं पुसलं जाईल, बाबा."

"मग राहू दे. आहे ते बरोबर आहे."

तो धोबिणीकडे गेला. या वेळी गप्प न राहता त्यानं 'गुडघा कसा आहे?' वर क्लिक केलं.

"तुम्ही मागेही विचारलं होतंत," धोबीण म्हणाली. "लक्षात ठेवलंत, बरं वाटलं. तुमचं कसं चाललंय?"

पुन्हा तीन उत्तरं आली. त्यानं एकही निवडलं नाही. धोबीण ओले कपडे हातात धरून तशीच थांबून राहिली.

"आज दूध उतू गेलं," तो चष्म्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला. "गच्चीवरची टाकी गळतेय. वॉशर आणलाय, पण शिडी धरायला कोणी नाही. आणि तुझी ती खिडकी हल्ली नीट लागत नाही..."

बोलता बोलता तो थांबला. "हं" म्हणायलाही कोणी नव्हतं.