रामकिशन मामांचा लव्हाळा

रामकिशन मामा नांदेडहून लातूरला राहायला आले तेव्हा त्यांच्यासोबत एक पत्र्याची पेटी, एक काठी आणि सिमेंटची एक कुंडी होती. कुंडी उतरवताना टेम्पोवाला कुरकुरला, कारण तिच्यात वीतभर पाणी होतं आणि ते वाटभर हिंदकळत आलं होतं. त्या पाण्यात एक झाड उभं होतं. कमरेएवढ्या हिरव्या काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला उघडलेल्या छत्रीसारखी पानं.

"अंब्रेला पाम ना हा?" धम्मप्रियानं विचारलं. ती त्यांची सून.

"नर्सरीवाले म्हनतात पाम. पाम न्हाई हे, लव्हाळ्यातलंच हाय," मामा म्हणाले. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. "काडी बोटात फिरवून बघ, कडा लागतात का न्हाई. ह्याचे पाय पान्यात पायजेत बघ. दुसरं काई मागत न्हाई ते."

दुसरं काही मागत नाही, हे ऐकून हसावं की रडावं हेच धम्मप्रियाला कळेना. त्यांच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. कधी दहाव्या.

मामांनी तीस वर्षं नांदेडला, गोदावरीच्या काठच्या एका विश्रामगृहात माळीकाम केलं होतं. तिथल्या टाक्याच्या कडेला हा लव्हाळा माजला की ते छाटायचे. तिथंच झाडलोट करणाऱ्या त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईनं, एकदा छाटून टाकलेलं एक टोक उचलून घरी नेलं आणि मोडक्या बादलीत लावलं. त्या एका टोकाची ही कुंडी झाली. धुरपताबाई गेल्या आणि दोन महिन्यांनी मामा इकडे आले. त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. गॅस चालू ठेवून ते बाहेर निघून जायचे.

धम्मप्रियाचा नवरा विनोद धर्माबादला मिरचीच्या आडतीवर मुनीम होता. पंधरा दिवसांतून एकदा यायचा, शनिवारी संध्याकाळी येऊन सोमवारी पहाटे परत. मुलगी पुण्याला शिकायला. म्हणजे घरात उरले ते मामा आणि धम्मप्रिया.

धम्मप्रिया किल्लारीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. मार्चात सकाळची शाळा सुरू झाली तशी ती पहाटे चारला उठू लागली. मामांना उठवायचं, संडासला न्यायचं, अंग पुसायचं, ओली चादर भिजत घालायची, भाकरी करून झाकून ठेवायची. उशाशी पाण्याचे दोन तांबे भरून ठेवायचे आणि साडेपाचच्या गाडीसाठी पळत सुटायचं. शेजारच्या केवळाबाई दोन वेळा डोकावून जायच्या. दीड वाजता घरी आलं की पुन्हा तेच उलट्या क्रमानं. रात्री पाठ टेकली तरी तिचा कान मामांच्या खाटेकडेच असायचा. गाडीत बसल्या बसल्या ती अशी झोपायची, की एकदा किल्लारी मागे टाकून थेट उमरग्याला जाऊन उतरली होती.

आणि या सगळ्यावर ती कुंडी. उन्हाळा लागला तसं तिचं पाणी रोज दोन बोटं खाली जायचं. पानांची टोकं तपकिरी पडायची. मामा काठी टेकत तिच्याजवळ जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "पानी कमी पडून राह्यलं."

"टाकते मामा."

"उन्हातून सावलीत वढ तिला. आन वाळल्या काड्या बुडातून काप. वरून न्हाई, बुडातून."

ती कापायची. ओढायचीसुद्धा. पण तांब्यातांब्यानं पाणी टाकताना दर वेळी तिच्या मनात यायचं, एवढ्या पाण्यात माझी भांडी निघाली असती.

मार्चच्या मध्याला आरोग्याची बाई पाणी तपासायला आली. ड्रममध्ये बॅटरी मारून झाल्यावर तिनं कुंडीत बघितलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"मॅडम, हे ओता. आठवड्यातून एक दिवस कोरडं ठेवायचं," ती म्हणाली. "नाहीतर गप्पी मासे सोडा. पुढच्या खेपेला मी आणून देते."

धम्मप्रियानं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. पुढचंही कानावर पडलं होतं, पण ते तिनं आत येऊ दिलं नाही. तिनं त्याच संध्याकाळी कुंडी कलती करून पाणी मोरीत सोडलं. मोरीतून पाणी जाताना तिला इतकं हलकं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.

"पानी?" मामांनी विचारलं.

"नळ आला की भरू."

तीन दिवसांनी नळ आला. तिनं ड्रम भरले, हंडे भरले, बादल्या भरल्या. कुंडी तशीच ठेवली. मामा दारातून बघत होते. विसरतील चार दिवसांत, असं तिच्या मनात आलं. सगळंच तर विसरतात.

त्यानंतर आठवड्यानं ती शाळेतून आली तेव्हा केवळाबाई दारातच उभ्या होत्या.

"तुझे सासरे उठंना झालेत गं," त्या म्हणाल्या. "हाक मारली तर मलाच धुरपता म्हणाले. अंग बघ कसं तापलंय."

मामांचे ओठ तडकले होते. डोळे उघडे होते पण बघत नव्हते. रिक्षा बोलावली, केवळाबाईंच्या आधारानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"पाणीच नाही पोटात यांच्या. लघवीचं इन्फेक्शनही त्यानंच झालंय. दिवसभरात पितात किती?"

"दोन तांबे ठेवते मी. दुपारी आले की रिकामे असतात," धम्मप्रिया म्हणाली.

डॉक्टर सलाईन लावायला सांगून पुढच्या खाटेकडे गेले.

कपडे आणायला ती घरी आली. मोरीकडे जाताना तिचं लक्ष कुंडीकडे गेलं. त्या दिवसापासून तिनं तिकडे बघायचं टाळलंच होतं. बाहेरच्या काड्या वाळून आडव्या झाल्या होत्या. पण मधल्या पाच-सहा ताठ उभ्या होत्या, आणि बुडाशी बोटाएवढे नवे कोंब होते. चिखल ओला होता. कुंडीच्या काठावर तांब्या उपडा घातलेला होता. खाटेपासून कुंडीपर्यंत फरशीवर पाणी सांडून वाळल्याचे डाग दिसत होते. धरत धरत आलेल्या माणसाच्या हातून सांडतं तसं, दर दोन पावलांवर एक.

तिला आधी रडू आलं नाही. राग आला. एवढं तुमचं करते, तुमची ओली चादर पिळते, आणि तुम्ही तुमच्या तोंडचं पाणी या गवताला घालता? एकदा म्हणायचं तरी होतं, की भर बाई. मग तिला आठवलं, त्यांनी म्हटलं होतं. रोज म्हटलं होतं. ती कुंडीशेजारी फरशीवर बसली. गुडघ्यात डोकं घालून बराच वेळ बसली. तिथूनच तिनं विनोदला फोन लावला.

"मामा दवाखान्यात आहेत. तुम्ही या."

"अगं, सीझन चाललाय. शनिवारी तर येणारच..."

"शनिवारी नाही. आज निघा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पाणी न पिल्यानं झालंय त्यांना. मला दिसलं नाही. मला आता काहीच दिसत नाही हो. मी थकले. आणि हे मी तुम्हाला इतके दिवस सांगितलं नाही, ते चुकलं माझं. आता सांगते."

पलीकडे मिरचीनं खोकणाऱ्या माणसांचे आवाज येत होते. विनोद म्हणाला, "निघतो."

तो अंधार पडायच्या आत नांदेडला आला आणि तिथून मिळेल त्या गाडीनं लातूरला. मालकाकडून आठ दिवसांची सुट्टी काढली होती. चौथ्या दिवशी मामांना घरी आणलं. विनोदनं पहिल्यांदाच बापाचं अंग पुसलं. पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की म्हातारा माणूस कुशीवर वळवायला केवढी ताकद लागते, आणि वळवून झाल्यावर तो पुन्हा उताणाच होतो. त्यानं घड्याळ लावून चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. पाचव्या दिवशी दुपारी तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"हे तू रोज करतेस?" त्यानं विचारलं.

धम्मप्रिया तांदूळ धूत होती. तिनं मान हलवली. धुवण कुंडीत ओतलं. आता तांदळाचं, भाजीचं धुवण तिथंच जात होतं. बिनसाबणाचं पाणी काय, कुठूनही निघतं, हे तिला एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं याचंच तिला नवल वाटत होतं. आरोग्याची बाई बोलल्याप्रमाणे बाटलीतून दहा-बारा मासे देऊन गेली होती. ते चिमुकले मासे काड्यांच्या बुडातून फिरत होते.

मामांची खाट आता दारापाशी आणली होती. एका सकाळी त्यांनी तिला हाक मारली.

"धुरपता, कात्री घे."

आपण धुरपता नाही, हे तिनं सांगितलं नाही. कात्री घेऊन गेली.

"ते कडंचं टोक घे. छत्रीच्या खाली चार बोटं काडी ठेव. हां. आता पानं अर्धी छाट. छाट की, भेऊ नको." मामांचं बोट नेमकं जागेवर जात होतं. "आता उलटं घाल पान्यात. छत्री खाली, काडी वर."

"उलटं?"

"मुळं डोक्यातूनच येतात त्याला. तूच तर दाखवलंस मला."

तिनं काचेच्या बरणीत टोक उलटं घातलं आणि बरणी खिडकीत ठेवली. पंधरवड्यानं पानांच्या बेचक्यात पांढरी मुळं दिसली, शेवयांसारखी बारीक. तिनं बरणी मामांना नेऊन दाखवली. त्यांनी बघितलं, पण ओळख पटली नाही. "कुणाचं रोप हे?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, "घरचंच आहे."

विनोद आठ दिवसांचे वीस दिवस राहिला. मग धर्माबादला जाऊन सामान घेऊनच आला. लातूरच्या आडत बाजारात त्याला काम मिळालं. धर्माबादएवढा मान नव्हता तिथं, नव्या माणसाला असतो तेवढाच. पण सौदे दुपारनंतर निघायचे, त्यामुळे धम्मप्रिया घरी येईपर्यंत त्याला घरी थांबता यायचं. मामा काही सुधारले नाहीत. दिवसेंदिवस ते कमीच बोलू लागले, कधी घास तोंडात तसाच धरून बसायचे. आता ते असेच राहतील, जेवढे दिवस राहतील तेवढे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात धम्मप्रिया दीड वाजता घरी आली. पर्स खुंटीला लावली. मामांचं जेवण झालं होतं, चादर बदललेली होती, भांडी विसळून पालथी घातली होती. करायला काही शिल्लक आहे का, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"पड जरा," विनोद म्हणाला. "मी आज उशिरा जातो."

ती आतल्या खोलीत गेली आणि साडीसुद्धा न बदलता आडवी झाली. बाहेर मामा काहीतरी म्हणाले. विनोद उठल्याचा, त्यांच्याकडे गेल्याचा आवाज आला. तिचं अंग सवयीनं उठायला निघालं. तिनं ते उठू दिलं नाही. पाच वाजेपर्यंत ती कूस न बदलता झोपली.