पाचवी सही

एल्डन ब्रुगमन संवादशास्त्रात डॉक्टरेट करत होता, आणि घरात त्याला काही सांगायचं असेल तर फ्रिजवर चिठ्ठी चिकटवावी लागे. हे त्याची बायको जोलीन चारचौघांत सांगायची आणि सगळ्यांच्या आधी एल्डनच हसायचा. आपली फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण आधी हसून घेतलं की कमी लागते, एवढं शास्त्र त्याला वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत पक्कं कळलं होतं.

पूर्वी तो एका छोट्या रेडिओ केंद्रावर रोज सकाळी मक्याचे आणि डुकरांचे भाव वाचायचा. नव्या मालकाने भाव वाचायला यंत्र बसवलं. यंत्र एल्डनपेक्षा गोड बोलायचं, हे त्याने स्वतः मान्य केलं, आणि मिनेसोटातल्या सरकारी विद्यापीठात अर्ज केला. तिथे चार वर्षांची सोय झाली. फी माफ, दरमहा विद्यावेतन, आणि त्याबदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांचे दोन वर्ग घ्यायचे. विषय होता, सभेत न घाबरता कसं बोलावं. पहिल्या तासाला एल्डन इतका घाबरला होता की त्याने स्वतःचं नावही चुकीचं सांगितलं. एक मुलगी वर्षभर त्याला आल्विन म्हणत राहिली.

त्याच्या प्रबंधाचा विषय मात्र झकास होता. लोक एकमेकांचा निरोप कसा घेतात? त्या भागातला पाहुणा दोन्ही मांड्यांवर थाप मारतो, "चला, निघतो मग" म्हणतो, आणि पुढचा पाऊण तास निघत नाही. आधी खुर्चीपाशी, मग कोट घालताना, मग दारात, मग गाडीच्या खिडकीशी. एल्डन लोकांच्या घरी मुलाखतींना जायचा, रीतसर परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करायचा. काही घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भेटी टिपायला यंत्र ठेवूनही यायचा. असे एकशे बारा निरोप जमले होते. त्यावरून त्याने सिद्धांत मांडला होता, की निरोप लांबवतो तो यजमान. माणसं एकटी पडली आहेत, आलेल्याला सोडवत नाही, म्हणून ती दारात नवनवे विषय काढतात. हा सिद्धांत सांगताना एल्डनच्या डोळ्यांत पाणी यायचं. मार्गदर्शक फिलिपा ओडेगार्ड म्हणायच्या, "पाणी चांगलं आहे, एल्डन. पुरावा दाखव."

आता चार वर्षं संपत आली होती. पाचव्या वर्षासाठी विभागात एकच शिष्यवृत्ती होती. तिच्यात शिकवणं नाही, फक्त प्रबंध लिहायचा. अटी बाकी भरपूर होत्या. सगळे अभ्यासक्रम पुरे हवेत, एक परकी भाषा किंवा संख्याशास्त्र हवं (नॉर्वेजियनमध्ये नापास झाल्यावर एल्डन संख्याशास्त्राकडे वळला होता), चार दिवसांची लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा झालेली हवी, आणि प्रबंधाच्या आराखड्यावर समितीतल्या पाचही जणांच्या शाईच्या सह्या हव्यात. त्यातला एक जण विभागाबाहेरचा हवा. हे सगळं मार्चच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी साडेचारच्या आत.

"साडेचार म्हणजे साडेचार," कार्यालयातल्या लोरेटाबाईंनी बजावलं. "चार एकतीसला मी कुलूप लावते आणि नातीच्या हॉकीच्या सामन्याला जाते. नंतर दार ठोठावलंस तर आतून कुणी ओ देणार नाही, कारण आत कुणी नसेल."

"मी तीनलाच येतो, लोरेटा."

"तू मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतास, राजा."

शुक्रवार उजाडला तेव्हा चार सह्या झाल्या होत्या. पाचवी बाकी होती मानववंशशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक हेडविग स्टेन्सरुड यांची. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घर गावापासून पंचवीस मैलांवर शेतांच्या मधोमध. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "काचेवर बोट फिरवून मी सही करत नाही. कागद घेऊन ये. दोनला ये."

एल्डन सव्वादोनला पोहोचला. हेडविगबाईंनी आराखड्यावर दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून "हं" म्हणाल्या आणि सही ठोकली. कॉफी झाली, लिंबाच्या वड्या झाल्या. तीनला पाच कमी असताना एल्डनने मांड्यांवर थाप मारली.

"चला, निघतो मग."

"हो, नीघ," हेडविगबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी स्वतःचाही कोट चढवला.

एल्डनला भरून आलं. बिचारी गाडीपर्यंत पोहोचवायला येतेय! असं एकटं घर, चहूकडे बर्फ. त्याने मनात हिशेब केला. गावाला जायला पस्तीस मिनिटं. आणखी दहा मिनिटं थांबलो तर काय बिघडतं?

"पाखरांना दाणे तुम्हीच घालता?" त्याने दारात विचारलं.

"हो."

"आणि ती येतात?"

"पाखरं आहेत. येतात."

केवढं दुःख असेल या तुटक उत्तरांमागे, एल्डनला वाटलं. म्हणून त्याने नवऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरची चौकशी केली. मग छपरावरच्या बर्फाची. मग आपल्या आजीची हकीकत सांगितली, तीही अशीच एकटी राहायची, आणि मांजराशी बोलायची.

"मी मांजराशी बोलत नाही," हेडविगबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या आणि त्या सारख्या वाजत होत्या. हात थरथरतोय, एल्डनच्या मनात आलं. "तुला साडेचारच्या आत पोचायचंय ना?"

"माझी काळजी करू नका," तो उदारपणे म्हणाला.

"मी तुझी काळजी करत नाहीये, एल्डन."

एकटेपणाची कबुली समजून हे वाक्य त्याला आयुष्यातलं सगळ्यात हृद्य वाक्य वाटलं. दार सताड उघडं, घरातली ऊब शेतांवर चाललेली, आणि तो बोलत राहिला. गाडीत बसून त्याने घड्याळ पाहिलं तेव्हा चारला दोन कमी होते.

रस्त्यावर पुढे बर्फ सारणारी गाडी लागली. ताशी वीस मैल. एल्डन तिच्या मागे आधी विनवण्या करत चालला, मग शिव्या देत, मग पुन्हा विनवण्या करत. कार्यालयाशी पोहोचला तेव्हा चार एक्केचाळीस झाले होते. कुलूप लागलं होतं. त्याने अर्ज दाराखालून आत सरकवला आणि तो थोडा बाहेर राहिला म्हणून बोटाने ढकलला, जणू तेवढ्याने वेळ मागे जाणार होती.

सोमवारी लोरेटाबाईंनी तोच अर्ज त्याच्या हातात परत ठेवला. "पायाचा ठसा माझा आहे," त्या म्हणाल्या. "सॉरी. शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली." आणि मग जरा हळू आवाजात, "काय झालं होतं रे?"

"एका एकट्या बाईला सोडून निघवेना," एल्डन म्हणाला. शिष्यवृत्ती गेली तरी माणुसकी राहिली, या विचाराने त्याचा शनिवार-रविवार बरा गेला होता.

ते समाधान दुपारपर्यंत टिकलं. फिलिपांनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं.

"हेडविगचा फोन आला होता. संतापली होती."

"विद्यापीठावर? माझी शिष्यवृत्ती गेली म्हणून?"

"तुझ्यावर. तू जात नव्हतास म्हणून." फिलिपांनी चष्मा काढला. "एल्डन, ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. सव्वातीनला तालीम होती. बावीस गाणारी माणसं तासभर कोट घालून बसली होती. तिने किल्ल्या वाजवल्या, कोट घातला, दार उघडं धरलं, तुला वेळेची आठवण करून दिली. शेवटी म्हणे ढकलूनच काढायच्या बेतात होती, पण तू आजीबद्दल बोलत होतास."

हसावं म्हटलं तर या वेळी एल्डनच्या आधी फिलिपा हसत होत्या.

घरी जाऊन त्याने ध्वनिमुद्रणं काढली आणि चार दिवस ती पुन्हा ऐकली. एकशे बारापैकी एक्केचाळीस निरोपांत पाहुणा तो स्वतः होता. त्याचे निरोप सरासरी अडतीस मिनिटांचे, बाकीच्यांचे चौदा. एका घरात म्हातारा "बरं तर" असं सहा वेळा म्हणतो. दुसरीकडे एक बाई विचारते, "तुम्हाला उशीर होत असेल ना?" आणि एल्डनचा रेडिओवरचा भरदार आवाज म्हणतो, "छे, छे!" तिसरीकडे मागून स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडतं, "गेला का?" हे त्याने उतरवून घेताना 'अस्पष्ट' म्हणून लिहिलं होतं. ते अजिबात अस्पष्ट नव्हतं.

"जोलीन," तो जेवताना म्हणाला, "मी लोकांना सोडत नाही का गं?"

"आपल्या लग्नात शेवटचा पाहुणा तूच होतास," जोलीन म्हणाली. "मी गाडीत बसून होते. वाटाणे घे."

त्याने हेडविगबाईंना फोन लावून माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली. तो कारणं सांगू लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आता फोन ठेवते आहे. हा इशारा नाही. ठेवते आहे." आणि ठेवला. एल्डनला एवढा स्पष्ट निरोप जन्मात कुणी दिला नव्हता. त्याने तो एकशे तेरावा म्हणून नोंदवला.

फिलिपांनी प्रबंधाची दोन प्रकरणं बाद केली. नवा प्रश्न ठरला, की न कळणाऱ्या पाहुण्याला यजमान काय काय सुचवून पाहतात. "साहित्य तुझ्याकडे भरपूर आहे," त्या म्हणाल्या, "आणि असा न कळणारा पाहुणा इतर कुणाला सापडणार नाही." सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या. हेडविगबाईंनी या वेळी आराखडा टपालाने मागवला, तिकीट लावलेल्या परतीच्या पाकिटासकट, आणि दुसऱ्याच दिवशी सही करून धाडला. समासात लिहिलं होतं, "हे पहिल्यापेक्षा बरं आहे."

पैशांची सोय मात्र झाली नाही. विभागाने फी तेवढी माफ ठेवली. जोलीन दातांच्या दवाखान्यात काम करायची, तिच्या नोकरीवर दोघांचा आरोग्यविमा चालू राहिला. सप्टेंबरपासून एल्डनने तासाभराच्या अंतरावरच्या एका कॉलेजात तीन वर्ग घेतले, सकाळी आठला. विषय तोच, सभेत न घाबरता कसं बोलावं. मुलं बहुतेक रात्रपाळी करून आलेली. पहिल्या दिवशी तो श्रोत्यांकडे लक्ष देण्यावर बोलत होता, आणि बोलता बोलता रंगात आला. नऊ वाजले, तास संपला. एक चेन सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग सबंध वर्गातल्या पिशव्यांच्या चेनी एकामागून एक सरकल्या. एल्डन थबकला. या खेपेला त्याला ऐकू आलं होतं! उसाच्या रसाच्या पहिल्या घोटासारखा गोड आनंद झाला त्याला. त्याने लगेच वही काढली आणि ते बारकाईने टिपून घेतलं, किती चेनी, कोणत्या क्रमाने, दोन चेनींमधलं अंतर किती.

नऊ वाजून बारा मिनिटांनी मागच्या रांगेतल्या एका बाईने हात वर करून विचारलं, "सर, आम्ही जाऊ का?"