काय हात आहे तिचा!

"मानवजातीत हात दोनच प्रकारचे असतात. एक घडवणारे, दुसरे बिघडवणारे!" मोठ्या डॉक्टरांनी जाहीर केलं आणि दोन्ही प्रकार दाखवण्यासाठी हात फैलावले. त्यातला दुसऱ्या प्रकारचा हात चहाच्या कपाला लागला. चहा कीबोर्डवर सांडला आणि पडद्यावरचं ऑपरेशन आपोआप उलटं चालू लागलं. काढलेला मोतीबिंदू सुखरूप डोळ्यात परतला.

डोळ्यांच्या इस्पितळात त्या दिवशी शिकाऊ सर्जनांची परीक्षा होती. प्रत्येकाने केलेल्या ऑपरेशनची फिल्म बघायची आणि गुण द्यायचे. फिल्मवर नाव नाही, चेहरा नाही. नुसता भलामोठा डोळा आणि त्यात फिरणारी हत्यारांची टोकं. ओळखीपुरतं क, ख, ग. नापास झालं की आणखी सहा महिने शिकाऊच. परीक्षक दोन: निवृत्त मोठे डॉक्टर आणि बाहेरून आलेले एक मवाळ डॉक्टर, जे आधी "बरोबर" म्हणत आणि मग विचार करत.

मोठ्या डॉक्टरांना आज एकालाच नापास करायचं होतं. खरं म्हणजे एकीला.

तिला सगळे डावरी म्हणत. तिच्याशी त्यांचं वैर नव्हतं. धड बोलणंही झालेलं नव्हतं. दोष सिस्टरांचा होता. या सिस्टर त्यांच्या टेबलाशी वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या आणि प्रत्येक ऑपरेशननंतर एकच अभिप्राय देत आल्या: "झालं? पुढचा घेऊ?" त्याच सिस्टर आज सकाळी जिन्यात म्हणाल्या, "साहेब, त्या डावरीचं ऑपरेशन पाहिलंत का? काय हात आहे हो तिचा!"

उरलेला जिना डॉक्टर कठडा धरून चढले.

"हा पडदा कुणी पुसत नाही का इथे?" त्यांनी 'क' सुरू होताच विचारलं.

"पुसलाय, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

"मग पुन्हा पुसा. सगळं धुक्यात चाललंय."

'क'चं काम शांत होतं. घाई नाही, दिखावा नाही. "हा कुणीतरी गरीब, कष्टाळू मुलगा असणार," डॉक्टर म्हणाले. "कुणाच्या अध्यात ना मध्यात. याला माझे पैकीच्या पैकी."

"बरोबर," मवाळ डॉक्टर म्हणाले.

'ख'ने डोळ्यावर इतकं पाणी मारलं, की तो ऑपरेशन करतोय की गाडी धुतोय ते कळेना. काठावर पास.

मग 'ग' लागली. मोतीबिंदूवरचा पापुद्रा एका दमात, कंपास फिरवावा तसा गोल सुटून आला. मोठे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

"हीच ती!"

"कशावरून?"

"मिजास बघा ना! डोळ्यात पाहुणी म्हणून शिरली आणि मालकीण होऊन बसली." त्यांनी 'ग'ला नापास केलं आणि शेरा मारला: हात बरा, पण स्वतःवर फार खूश.

थोड्या वेळाने विभागप्रमुख बाई आल्या. एकेकाळच्या त्यांच्याच विद्यार्थिनी. उभ्या राहिल्या त्या अजूनही वर्गात राहायच्या तशाच.

"सर, 'ग'ला नापास केलंत?"

"केलं. माज उतरायला हवा तिचा."

"सर, 'ग' परीक्षेतली नाही. हल्ली आम्ही परीक्षकांनाही तपासतो, म्हणून एक जुनी फिल्म मध्ये घालतो. ती... तुमची आहे. आम्ही हीच बघून शिकलो."

"बरोबर," मवाळ डॉक्टर म्हणाले, मग त्यांनी विचार केला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

"मग डावरीची कुठली?"

"'क', सर. हत्यार डावीकडून येत होतं की. दिसलं नाही?"

दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून पडदा बघितला, मग डावा झाकून. पडदा दोन्ही वेळा मळकाच होता. डोळ्यांच्या डॉक्टरला याहून जास्त सांगावं लागत नाही.

बाई गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टर, 'ग' कशी वाटली तुम्हाला?"

"मी टेबलाशीच होते की तेव्हा. काय हात होता हो तुमचा!"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तोंडाला मास्क होता."

डॉक्टर हसले. पण तो 'होता' त्यांना बरोबर ऐकू आला होता.

मवाळ डॉक्टरांनीही 'क'ला भरपूर गुण दिले होते; डावरी पास झाली. पुढच्या आठवड्यात तिनेच मोठ्या डॉक्टरांच्या डोळ्यांवर दिवा धरला. "दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, सर. ऑपरेशन कुणाकडे करायचं?"

"तुझ्याकडे."

तिचा चेहरा उतरला. "माझ्याकडे? सर, नको..."

"का? पैकीच्या पैकी दिलेत तुला. परीक्षकावर विश्वास नाही?"

ऑपरेशनच्या दिवशी मोठे डॉक्टर जन्मात पहिल्यांदा त्या टेबलावर आडवे झाले. डोळा बधिर झाला, चेहऱ्यावर हिरवं कापड आलं. वर दिव्याचा मोठा उजेड तेवढा दिसत होता. डावीकडून हत्यार आलं. ते घाई न करता फिरत राहिलं. मग शेजारी सिस्टरांनी दीर्घ श्वास घेतला, तोंड उघडण्यापूर्वी माणसं घेतात तसा.

"सिस्टर," कापडाखालून आवाज आला.

"काय झालं साहेब? दुखतंय का?"

"नाही. तिचं कौतुक करायचं असेल ना, तर तेवढं बाहेर जाऊन करा. मी जागा आहे."