जांभळीच्या झऱ्याची कळशी

कळशी कलंडली तेव्हा मैना एकटीच होती. नागावच्या वळणावर पर्यटकांची फुगीर होडी ओढत एक ट्रॅक्टर आला, कानाशी भोंगा वाजला, ती दचकली आणि डोक्यावरचं निम्मं पाणी खांद्यावरून रस्त्यावर सांडलं. डांबर इतकं तापलेलं होतं की ओल बघता बघता वाळली.

बाकीच्या अकरा जणी मागे वडाच्या सावलीत वडापाव खात बसल्या होत्या. मैनालाही बस म्हणाल्या होत्या, पण तिला कुठली चैन! झऱ्यावरून सगळ्या वाडीच्या कामासाठी भरलेली कळशी भुईला टेकवायची नाही आणि पोचेपर्यंत नेणाऱ्यांनी तोंडाला लावायची नाही, ही त्यांच्या कातकरवाडीची रीत. काल रात्री रेवदंड्याच्या शाळेत कळशी वाशाला टांगली होती. बायका मेल्यासारख्या झोपल्या आणि ही तिच्याखाली टक्क जागी. सून कोकिळा सकाळपासून मागे लागली होती, आता मी घेते म्हणून.

"तू सांडशील," मैना म्हणाली होती, तेही चारचौघींत.

आता ते शब्द तिलाच टोचत होते. हे पाणी अलिबागच्या मोठ्या कचेरीत पोचवायचं होतं. वाडीचा जांभळीखालचा झरा एका रिसॉर्टवाल्यानं पोहण्याच्या तलावासाठी मागितला होता आणि कुणीतरी अहवाल दिला होता, की झऱ्याचं पाणी पिण्यालायकच नाही, तेव्हा द्यायला हरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते पिऊन जगलेल्या बायकांनी मग ठरवलं, साहेबालाच पाजायचं. चालत जायचं, वाटेत गावोगाव सांगत जायचं. आणि अर्धी कळशी घेऊन मैना काय तोंड दाखवणार होती?

समोर नारळाची बाग होती. फाटक उघडंच होतं. बागेच्या मालकीण पद्माताई पडवीत सुपाऱ्या निवडत होत्या.

"बाई, थोडं पानी घेऊ का?"

"प्यायला ना? थांब, आतून आणते."

"प्यायला न्हाय. कळशी भरायची हाय."

पद्माताईंनी तिचं भिजलेलं लुगडं पाहिलं. "मग घे की त्या नळीचं. विहिरीचंच आहे, नारळांना तेच सोडतो आम्ही."

मैनानं मान वर करून पाहिलं. नारळ कसे घडाघडांनी लगडले होते. ज्या पाण्यावर झाड पोसतं ते माणसाला गोडच, हे तिला डोंगरानं शिकवलेलं. चाखून पाहायचा तर प्रश्नच नव्हता, रीत आडवी येत होती. तिनं कळशी काठोकाठ भरली, वरचं फडकं बांधलं आणि बाहेर आली.

फाटकापाशी कोकिळा उभी होती.

"कुठं गेलता, आत्या?"

"कुठं न्हाय. चल, ऊन चढतंय."

पुढची वाट मैनाला खायला उठली. कोकिळा नाक्यानाक्यावर कर्णा तोंडाला लावून सांगायची, "आमचा झरा बारा महिने व्हातो. त्यो ऱ्हायला तर खालच्या गावांच्या हिरी ऱ्हातील. चव बघायची तर वाडीवर या!" आणि मग हात मैनाच्या डोक्याकडे करायची. लोक कळशीकडे बघायचे, कुणी हात जोडायचे. मैना खाली बघायची. एवढीशी भर घातली तर काय झालं, ती स्वतःला समजावत होती. पाण्याला पाणीच तर मिळालं. पण मन काही ऐकत नव्हतं, आणि पाय उगाचच भराभर पडत होते.

कचेरीतला साहेब म्हणजे एक मॅडम निघाल्या; दुपारी त्या स्वतः बाहेर व्हरांड्यात आल्या. चांगल्या वाटल्या. शिपायानं भांडं आणलं.

"अहवाल काही का असेना, मी पिऊन बघते," त्या म्हणाल्या.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी घोट घेतला, तो तोंडातच धरला, मग कसाबसा गिळला. रुमालानं ओठ टिपले.

"हे खारट आहे हो."

टाळ्या थांबल्या. मैनानं भांडं त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं आणि तोंडाला लावलं. खारं, मचूळ. नारळाला हे चालतं? असलं पाणी झाड पितं?

मॅडम फाइलचं पान उलटत होत्या. "अहवालात हेच लिहिलंय. मग मी काय करू, सांगा."

गप्प राहिली असती तर मैनाचं नाव राहिलं असतं. झरा मात्र गेला असता.

"हे आमचं पानी न्हाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "माझ्या हातनं सांडलं. नागावात एका बागेत मी भर घातली. ह्यांना कुनाला ठावं न्हाय. चुकी माझी हाय, झऱ्याची न्हाय."

कोकिळानं हातातला कर्णा पदराखाली घेतला. ते जास्त लागलं.

"हरकती घ्यायची मुदत शुक्रवारी पाचला संपते," मॅडम म्हणाल्या. "आज बुधवार."

मैनानं अंगणातल्या नारळाच्या बुंध्याशी कळशी रिती केली, पार शेवटच्या थेंबापर्यंत. हिशोब सोपा होता. रिकामी कळशी एसटीनं जाऊ शकते, रात्री वाडीवर पोचते. भरलेली चालत यायची. उद्या पहाटे निघालं तर शुक्रवारी दुपारपर्यंत पुन्हा इथंच.

ती एकटीच स्टँडच्या दिशेनं निघाली. मागे वळून बघायची तिची छाती होईना. बऱ्याच वेळानं पाठीमागे चपलांचा आवाज आला, एकीचा नव्हे, अनेकींचा.

कोकिळा तिच्या बरोबरीला आली.

"मी बघितलं व्हतं, फाटकातनं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मला काय ठावं खारं असतंय ते? मला वाटलं, नारळ पितात म्हंजी गोडच असंल."

मैना थांबली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला दमल्यासारखं वाटलं. तिनं कळशी सुनेच्या हातात दिली, डोक्यावरची चुंबळ काढून झटकली आणि तिच्या डोक्यावर नीट बसवली.