पुतीची आंघोळ

दुपार कलली आणि मिद्यो म्हाताऱ्याच्या अंगणातला हातपंप कुरकुरायला लागला, की शेजारची जेनिंग खोबरं वाळवायच्या भट्टीवरून ओरडायची, "चला, नवरीची आंघोळ निघाली." मिद्योला ऐकू जावं म्हणूनच ती ओरडायची आणि त्याला ते ऐकूही जायचं. तो पंप मारत राहायचा. बादली भरायचा, कपड्यांच्या साबणाची वडी घ्यायचा आणि पुतीला हाक मारायचा.

पुती म्हणजे आमच्या बोलीत पांढरी. आमच्या बेटावर कुत्र्याचं नाव ठेवायला कोणी फार डोकं चालवत नाही. ती खरी फेलिसाची, मिद्योच्या बायकोची. फेलिसा जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी दोहाला परक्यांची मुलं सांभाळायची. दर रविवारी फोन करून "तातय, जेवलात?" असं विचारायची, बाप "जेवलो" म्हणायचा, आणि मग पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. त्या घरात बोलायचं खातं फेलिसाकडे होतं. मिद्योने जन्मभर बोटींच्या इंजिनांशी गप्पा मारल्या होत्या आणि इंजिनं काही उलटून विचारत नाहीत.

आंघोळीच्या वेळी मात्र त्याची जीभ सुटायची. पुतीच्या पाठीला साबण चोळता चोळता तो तिला सगळं सांगायचा. भात आज पुन्हा करपला. पाद्रीबाबांनी फेलिसाच्या नावाची प्रार्थना घाईघाईत उरकली. गुडघा दुखतोय, पण उजवा नव्हे, डावा. पुती मान खाली घालून पाण्याखाली उभी राहायची. जाणार कुठे? त्याने एका हाताने तिचा गळा धरलेला असायचा. दिवसभरात त्याच्या हाताला जे काही उबदार आणि जिवंत लागायचं, ते एवढंच.

खाज कानामागे सुरू झाली, मग पोटाखाली उतरली, मग शेपटीच्या मुळाशी गेली. पुती बसल्या बसल्या खाजवायची, चालता चालता थांबून खाजवायची, ताटलीतलं अर्धं जेवण टाकून खाजवायची. अंगावर कोंडा धरला, केस झडले, खालची गुलाबी कातडी भेगाळली. फुकटचे सल्ले द्यायला गाव मोकळंच होतं. कोणी म्हणालं बोटीचं जळकं तेल चोळ, कोणी म्हणालं गंधक लाव. जळकं तेल काय चीज असते ते मिद्योला चांगलं ठाऊक होतं, त्याने ते लावलं नाही. त्याने आपल्या मते शहाणपणाचंच केलं. कुंपणाच्या गिरिपुष्पाचा पाला ठेचून चोळला, माडीच्या शिरक्याने अंग पुसलं आणि वरून साबण लावला. तरी उतार पडेना, तेव्हा त्याला वाटलं की आंघोळच कमी पडतेय. आमच्याकडे कोणालाही हेच वाटलं असतं. आम्ही दिवसातून दोनदा अंगावर पाणी घेणारी माणसं. आळस, घाम, दुःख, सगळं पाण्याने जातं असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मिद्यो तिला सकाळचीही आंघोळ घालायला लागला.

पिसाळण्याची लस टोचायला तालुक्याहून जनावरांची डॉक्टर आली, तेव्हा गावच्या बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली सगळे जमले. मिद्यो पुतीला दोरीने घेऊन आला तशी रांग फाकली. आयांनी पोरं उचलून कडेवर घेतली. गावचे कप्तान, म्हणजे सरपंचच, देमेत्रियो पुढे आले. सगळं गाव त्यांच्या शब्दावर चालायचं आणि त्यांना तेवढंच माहीत होतं.

"मिद्यो, ही लूत घेऊन कुठे फिरतोस? पोरांना लागेल."

"लूत नाही ती."

"मग काय, पावडर लावून आणलीयस?" लोक हसले. "हे बघ, महिन्यावर उत्सव आलाय. बाहेरगावचे पाहुणे येणार. तोवर बरी झाली तर ठीक, नाहीतर मी गाडी बोलावणार. मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

त्या गाडीतून नेलेलं कुत्रं परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मिद्योने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला. घरात आता ती एकच उरली होती, आणि तीही गेली तर आपण कोणासाठी उठायचं, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

डॉक्टर मुलगी तरुण होती, कार्मेला नावाची. तिने पुतीची कातडी पात्याने हलकेच खरवडली, काचपट्टीवर घेतली आणि टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली.

"लूत नाहीये, तातय. किडा औषधालाही नाही. कातडी नुसती कोरडी पडलीय, भाजल्यासारखी. आंघोळ कितीदा घालता?"

प्रश्न साधा होता. पण रांगेत अख्खं गाव उभं होतं आणि जेनिंग तर अगदी पाठीशी. रोज दोनदा म्हटलं असतं, तर माडीच्या दुकानात उत्सवापर्यंत दुसरा विषय निघाला नसता.

"आठवड्यातून एकदा," मिद्यो म्हणाला. "सगळे घालतात तशीच."

जेनिंगने त्याच्याकडे पाहिलं, पण ती बोलली नाही. जेनिंग बोलली नाही असं सहसा होत नसे.

"एकदा म्हणजे काही फार नाही," डॉक्टर बुचकळ्यात पडली. "मग खाण्यातलं काहीतरी असेल. खारी मासळी बंद करा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच थोडं खोबरेल लावत जा. मी महिन्याने येते, तेव्हा परत दाखवा."

मिद्योने सगळं मनापासून केलं. मासळी बंद केली, भोपळा शिजवून भातात कालवला. खोबरेल लावलं. तेलावर धूळ बसली, मुंग्या आल्या, म्हणून सकाळी ते साबणाने खसखसून काढलं आणि पुन्हा लावलं. डॉक्टरचा 'भाजल्यासारखी' हा शब्द अधूनमधून त्याला टोचायचा. पण तो शब्द मनात फार वेळ राहू दिला तर पुढे काय विचार करावा लागेल, त्याची त्याला भीती वाटायची.

आठवडाभरातच एका दुपारी त्याने पुतीच्या गळ्याला हात घातला आणि तिने दात दाखवले. चावली नाही. नुसते दात दाखवले, हिसडा देऊन सुटली आणि कुंपणाखालून निघून गेली. मिद्यो साबण हातात धरून तसाच उभा राहिला.

ती रात्री आली नाही, सकाळी आली नाही. त्याने किनारा धुंडाळला, चर्चच्या मागे पाहिलं. कोणाला विचारायची मात्र लाज वाटली. शेवटी जेनिंगच कुंपणापाशी आली.

"मानोय मिद्यो, काय शोधताय ते कळतंय मला," ती म्हणाली. तो वयाने मोठा, म्हणून थट्टा करतानाही ती त्याला मानोयच म्हणायची. "माझ्या भट्टीमागे पडलीय. नारळाच्या सोडणांच्या ढिगात."

"दोरी घेऊन येतो."

"या की. पण बांधलीत तर पुन्हा पळेल. आणि कप्तानांच्या दारात जाऊन बसली म्हणजे?"

मिद्योने विचार केला. "राहू दे मग थोडे दिवस," तो म्हणाला.

घर त्याला खायला उठलं. दुपार कलली की हात रिकामे पडायचे. बोलायचं तोंडात यायचं आणि तिथेच विरून जायचं. रविवारी मुलीने विचारलं, "पुती कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे," आणि लगेच फोन ठेवला. रोज संध्याकाळी तो भोपळ्याचा भात करवंटीत घालून जेनिंगकडे द्यायचा आणि लांबून बघायचा. पुती पाय ताणून झोपलेली असायची. हळूहळू तिच्या पाठीवर पांढरी लव धरली. ती आता खाजवत नव्हती. मिद्योला आनंद व्हायला हवा होता. झाला तो हेवा.

"काय लावतेस तिला?" न राहवून त्याने विचारलं.

"मी काय लावणार? इथे खोबरं उलटायला मला हात पुरत नाहीत. येते, पडते, उठते, जाते. मी तिला बोटसुद्धा लावत नाही."

"आंघोळ?"

"एकदा नाही." जेनिंगने भट्टीत करवंट्या सारल्या आणि हात पुसले. "त्या दिवशी मी बोलले नाही, मानोय. चारचौघांत कशाला. आता विचारते. आठवड्यातून एकदा?"

"तुला तर रोज ऐकू जायचं."

"मला जायचं. त्या डॉक्टर पोरीला कुठे जात होतं?"

मिद्यो घरी आला आणि पायरीवर बसला. आपण तिची सेवा करतोय असं त्याला वाटत होतं. आपल्या हाताला ऊब हवी होती म्हणून आपण एका मुक्या जिवाची कातडी रोज सोलत होतो, हे आता त्याला लख्ख दिसलं. फेलिसाला पुरलं तेव्हा लोकांसमोर त्याला रडू आलं नव्हतं. आता आलं.

डॉक्टर ठरल्याप्रमाणे परत आली. जेनिंग पुतीला दोरीशिवायच घेऊन आली. अंगभर पांढरे केस, शेपटी वर. कप्तानांनी खाली वाकून तिचा कान चाळवला.

"ही तीच का? मिद्यो, कोणतं औषध दिलंस रे?"

"मासळी बंद केलीत ना?" डॉक्टर खूश झाली होती. "मला वाटलंच होतं."

मिद्योने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मासळी नव्हे, डॉक," तो म्हणाला. "मी रोज आंघोळ घालायचो. दोनदा. कपड्यांच्या साबणाने. तुम्हाला खोटं सांगितलं."

"रोज? पण कशाला, तातय?"

"घरात दुसरं कोणी नाही." सगळे ऐकत होते. "कोणाला हात लावायचा तर काहीतरी निमित्त लागतं."

माडीच्या दुकानातले टगेही जमिनीकडे बघत राहिले.

"निमित्त कशाला?" डॉक्टर हळूच म्हणाली. "महिन्यातून एकदा आंघोळ पुरे. एरवी नुसता हात फिरवा. त्याने काही बिघडत नाही. फिरवा ना."

मिद्योने हात पुढे केला. पुतीने शेपटी हलवली. मग तिची नजर त्या हातावर गेली. तिने पोट जमिनीला टेकवलं आणि तशीच सरकत ती जेनिंगच्या पायांमागे गेली.

मिद्योने हात मागे घेतला. डॉक्टर लसीचं कार्ड भरत होती. "मालक म्हणून तुमचंच नाव ना?"

"हिचं लिहा. जेनिंगचं."

"अहो मानोय, काहीतरीच काय," जेनिंग म्हणाली. "फेलिसाची कुत्री ती."

"घरी नेली तर माझे हात स्वस्थ बसायचे नाहीत, जेनिंग. मी ओळखतो मला."

"मग तुम्ही भट्टीपाशी येऊन बसत जा. तिला यायचं असेल तेव्हा येईल जवळ."

"बघू," मिद्यो म्हणाला, आणि घराकडे निघाला.

मागे नखांचा आवाज आला. पुती त्याच्या पाठोपाठ छपराच्या सावलीच्या कडेपर्यंत आली आणि तिथे उभी राहिली. ती उभी आहे, हे त्याला न बघताही कळलं. वळून हाक मारावी असं त्याला फार वाटलं. कदाचित ती आली असती. मिद्योने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तो चालत राहिला.