गरजू पेशंट

आमच्या केंदुरात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मीही लग्नानंतर बारा वर्षं घेतलं नाही, उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. आता घेते. माझ्या नवऱ्याचं नाव संपत. ज्यानं जे केलं ते त्याच्या नावावर राहावं. ‘आमचे हे, आमचे हे’ करत मी बरंच काही झाकलं आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

सुरुवात मात्र संपतपासून नाही, माझ्या सासूच्या डब्यापासून करायला हवी. माझे सासरे रखमाजी दोन हजार एक साली हाडाच्या कॅन्सरनं गेले. पुण्याच्या दवाखान्यातून त्यांना वेदना कमी करायला निळ्या कॅप्सूल दिल्या होत्या, सुट्ट्या, प्लॅस्टिकच्या बरणीत भरून. दोन महिन्यांच्या आणल्या आणि मामंजी सतराव्या दिवशीच गेले. दहावा झाला, कपडे देऊन टाकले, बाज धुऊन उन्हात उभी केली. बरणी तेवढी सासूबाईंनी, म्हणजे रतनबाईंनी, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा फळीवर.

“आत्याबाई, टाकून द्या की त्या,” मी म्हटलं.

“औषीद टाकत्यात व्हय?” त्या म्हणाल्या. “मेंढरामागं हिंडायचो तवा एका कळपाचं औषीद उरलं की दुसऱ्या कळपाला द्यायचो. कोकणात उतरताना वाटंत कुणाचं मेंढरू पडलं तर आमच्या घोड्यावरची बाटली त्याच्या कामी यायची. टाकलेलं औषीद पुन्यांदा मिळतंय का रानात?”

रानात मिळत नव्हतं हे खरंच. पण आता मेंढरं उरली होती चार, आणि दवाखाना पाबळला. मला हे तेव्हाच बोलायचं होतं. नवऱ्याचं दुःख ताजं असलेल्या बाईशी काय वाद घालायचा, म्हणून गप्प बसले. शिवाय त्यांचा जीव मोठा. अनसाबाईचा गुडघा धरला, दिली एक कॅप्सूल. कुणाची कंबर, कुणाचं डोकं, रतनबाईंच्या ओट्यावर या आणि घेऊन जा. माझी दाढ दुखली तेव्हा मीही एक घेतली. अंग हलकं झालं, छान वाटलं, खोटं कशाला बोलू?

संपत रांजणगावला कंपनीत प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, वरून प्रेस खाली येते, हात काढायचा, पुन्हा सरकवायचा. बारा-बारा तास उभं राहून त्याची पाठ गेली. आईनं लेकाला कॅप्सूल दिली, यात नवल ते काय? पहिल्यांदा एक दिली, मग रोज एक. मग तो स्वतःच फळीवरनं डबा काढायला लागला. मी विचारलं तर म्हणायचा, “पाठ बघ की माझी. तू उभी राहा बारा तास.” मी कशाला उभी राहतेय? मी पाठ चोळून द्यायची आणि गप्प बसायची.

बरणी संपली तेव्हा तो चार दिवस आजारी पडला. घाम, उलट्या, पाय एका जागी ठरेनात. आम्हाला वाटलं हिवताप. पाचव्या दिवशी कामावर गेला आणि परत आला तो हसत. हिवताप असा एका शिफ्टमध्ये जातो का? पण माणूस बरा झाल्यावर का झाला असं कोण विचारतं?

त्यानंतर संपतला माणुसकी सुचली. मी हे चिडून म्हणते, पण गाव खरोखर असंच म्हणायचं. ज्या माणसाला सख्ख्या आत्याच्या दहाव्याला ओढून न्यावं लागायचं, तो आता दुखवट्याला सगळ्यांच्या आधी हजर. पाबळला कुणी वारलं, संपत मोटरसायकलवर निघाला. शिरूरला कुणी वारलं, संपत निघाला. लोक म्हणायचे, बाप गेल्यापासून पोरगं किती बदललं बघा. मीही चारचौघींत मान वर करून चालायला लागले. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

माझं माहेर दौंडकडचं. तिकडे माझा चुलत मामा बरेच दिवस अंथरुणाला खिळून वारला. संपतनं ड्यूटी बुडवली आणि मला घेऊन गेला. मला इतकं भरून आलं की गाडीवर मागं बसून मी रडत होते. तिथं बाया आत, पुरुष ओट्यावर. मी पाणी प्यायला उठले, तर दाराआडून त्याचा आवाज आला.

“मामी, मामांची औषधं ऱ्हायली असत्याल ना? टाकू नका. आमच्या गावात एक गरजू पेशंट हाय, लई गरीब. त्याच्या कामी येत्याल.”

मामीनं डोळे पुसत पिशवी आणून दिली. आशीर्वादही दिला. परतीच्या वाटेवर मी विचारलं, “गरजू पेशंट कोण हो?” तो म्हणाला, “हाय एक, तुला काय करायचंय?” घरापर्यंत मी रडले नाही. माझे डोळे कोरडेच पडले होते.

तेव्हाच बोंब मारायला हवी होती. मारली नाही. घरातली गोष्ट घरात ठेवावी, असं मला शिकवलेलं होतं आणि मी ते नको तिथं वापरलं. फक्त एक केलं, आरोग्य उपकेंद्राच्या हर्षदा सिस्टरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सविता, ही सवय नाही, हा आजार झालाय. एकदम बंद करून भागणार नाही, डॉक्टरच्या हाताखाली सोडवावं लागेल. शिरूरच्या दवाखान्यात घेऊन ये. आणि तोवर घरातलं सगळं औषध काढ. चुलीत टाकू नको, धूर घरातच राहतो. ओढ्यात नको, जनावरं पाणी पितात. उकिरड्यावर अख्खं टाकलं तर कुणीतरी उचलतंच. कॅप्सूल उघड, गोळी कूट, शेणाराखेत कालव आणि पिशवीत बांधून माझ्याकडं दे. पुढं दवाखान्याच्या कचऱ्यात घालायचं मी बघते.”

मी घरी येऊन डबा मागितला. रतनबाईंनी तो पदराखाली धरला. “माझ्या ल्योकाला येड्यात काढती का? पाठीला घेतोय त्यो. आन् औषीद शेणात कालवायचं? त्यांचं औषीद हाय ते.” त्यांचं म्हणजे रखमाजींचं. बरणी कधीच रिकामी झाली होती, डब्यात उरल्या होत्या तापाच्या चार गोळ्या आणि खोकल्याची एक बाटली. पण त्यांच्या लेखी त्यात नवरा होता. संपतला शिरूरला चल म्हटलं तर त्यानं ताट भिरकावलं. त्याच आठवड्यात कंपनीतल्या माणसानं मला गाठून सांगितलं, “वहिनी, ह्याला प्रेसवर डुलकी लागती. एक दिवस हात जाईल.” तेव्हापासून कंपनीची बस दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. रोज तो उतरला की मी आधी त्याच्या दोन्ही हातांची बोटं बघायची.

आमच्या शेजारी बाळासोआप्पा. गावातलं मोठं घर, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांनाही मामंजींसारखाच हाडाचा कॅन्सर झाला, तशाच निळ्या कॅप्सूल, तशीच बरणी खुंटीला पिशवीत अडकवलेली. संपत रोज कामावरून आला की तिकडे. त्यांचे पाय दाबायचा, त्यांना पेपर वाचून दाखवायचा. त्यांची बायको साखरबाई मला म्हणाली, “सविता, पोटच्या पोरानं केलं नसतं येवढं करतोय तुझा मालक. पन आप्पांना गोळी लागूच पडंना बघ. धा दिस झालं, नुसतं गुरावानी ओरडत्यात.”

ती चहा ठेवायला आत गेली तशी मी खुंटीवरची बरणी उघडली. म्हटलं, कमी झाल्या असतील. तर बरणी भरलेली. जरा हायसं वाटलं. तरी एक कॅप्सूल घेतली आणि दोन्ही टोकं धरून ओढली. आतून तळहातावर करड्या रंगाची भुकटी पडली. जिभेला लावली. बाजरीचं पीठ होतं. शिळं, कडवट झालेलं. दळण माझंच होतं, मीच त्या दिवशी आत्याबाईंना म्हटलं होतं, पीठ कडू व्हायला लागलंय, लवकर संपवू.

पलीकडच्या खोलीत बाळासोआप्पा कण्हत होते. माझ्या घरचं पीठ खाऊन कण्हत होते.

मी साखरबाईला खरं सांगितलं नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण नाही सांगितलं. म्हटलं, “काकू, ह्या गोळ्या ओल लागून खराब झाल्यात, दुसऱ्या आणू.” सिस्टरांकडं धावले, त्यांनी शिरूरच्या डॉक्टरांना गाठून नवीन कॅप्सूल आणवल्या. त्या खुंटीला न लावता साखरबाईच्या कपाटात ठेवायला लावल्या, किल्ली तिच्या कमरेला. शेवटचे पाच दिवस आप्पांना झोप लागली. त्याआधीचे दहा दिवस त्यांना कोण परत देणार होतं?

पण रतनबाईंना मी सांगितलं. तळहातावर ते पीठ घेऊनच घरी आले होते. “चाखा,” म्हटलं. त्यांनी चाखलं. रखमाजी शेवटी कसे ओरडायचे ते त्यांनी रात्रंदिवस ऐकलं होतं, मी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्या ओट्यावर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. त्यांनी भाकरीही खाल्ली नाही.

सहाव्या दिवशी बाळासोआप्पा गेले. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, संपत, मी आणि सोबत रतनबाई, हातात पत्र्याचा डबा. मला वाटलं साखर-पोहे घेतले असतील. अंगण माणसांनी भरलेलं. संपत एका कडेला बसला. त्याचे डोळे खुंटीवर गेले, खुंटी रिकामी होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता.

“काकू,” तो शेवटी म्हणाला, “आप्पांची औषधं ऱ्हायली असतील तर टाकू नका. एक गरजू पेशंट हाय.”

कुणीतरी म्हणालं, “बघा, ह्या दुःखातबी दुसऱ्याचा इचार करतोय.”

“त्यो पेशंट ह्योच हाय,” रतनबाई म्हणाल्या.

आवाज चढवला नव्हता. संपत म्हणाला, “आये, गप.” त्या उठून साखरबाईसमोर जाऊन बसल्या. “साखरबाई, माझ्या ल्योकानं तुझ्या मालकाचं औषीद खाल्लं. त्यांच्या तोंडात पीठ घातलं. आन् ल्योकाला ही चटक म्या लावली, ह्या डब्यातनं. सविता मला सांगत हुती, म्या ऐकलं न्हाई. तुला काय मारायचं आसंल तर आदी मला मार.”

साखरबाईनं मारलं नाही, शिवीही दिली नाही. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. ओल लागलेल्या गोळ्या तिला आठवल्या असणार. ती बघत राहिली आणि मी मान खाली घातली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही आणि तिचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. मग तिनं कमरेची किल्ली काढली, आतून बरणी आणली आणि रतनबाईंच्या पुढ्यात ठेवली.

रतनबाईंनी मला शेण आणायला लावलं. चुलीतली राख आणली. सगळ्यांच्या देखत त्यांनी एकेक कॅप्सूल उघडली, भुकटी शेणात पाडली. त्यांच्या बोटांना ते जमेना, तेव्हा मी बसले. मग डब्यातल्या तापाच्या गोळ्या कुटल्या, खोकल्याची बाटली ओतली, शेवटी रखमाजींची रिकामी बरणीही त्याच पिशवीत घातली. अनसाबाई मध्येच उठून घरी गेली आणि पदरात काहीबाही औषधं घेऊन परत आली. ती आमच्यापुढं ठेवली.

संपत उठून जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही. शेणात मिसळणाऱ्या त्या भुकटीकडं एकटक बघत तो रडायला लागला, मोठ्यानं, सगळ्या माणसांत. तो आप्पांसाठी रडत होता, स्वतःसाठी रडत होता की वाया चाललेल्या औषधासाठी, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी हर्षदा सिस्टर आणि मी त्याला मध्ये बसवून शिरूरला नेलं, तेव्हा तो निमूट चालला.

याला आता तीन वर्षं झाली. दोनदा त्यानं पुन्हा घेतलं, दोनदा पुन्हा शिरूर झालं. प्रेसवरून त्याला स्टोअरला टाकलंय. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. गावात अजून कुणी वारलं की रतनबाई आधी पोचतात आणि राहिलेलं औषध मागून घेतात. काही जण नाक मुरडतात, म्हणतात, म्हातारीलाही लागली वाटतं सवय. त्या ऐकून घेतात आणि पिशवी सिस्टरांकडं नेऊन देतात.

आणि मी रोज संध्याकाळी संपतचा शर्ट धुवायला घेते. भिजवण्याआधी खिशात हात घालते. तो समोर बसून चहा पीत असतो. मी हात घालते हे त्याला दिसतं, आणि त्याला दिसतंय हे मलाही माहीत असतं. बहुतेक दिवशी खिसा रिकामा असतो.