माझ्या कोपऱ्यातले झाकण

सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी कुराउरा नगरकार्यालयाच्या तळमजल्यावर एका माणसाने पिशवीतून हातोडी काढली आणि चिगुसा नावाच्या तरुणीच्या डोक्यात घातली. ती मागे कोलमडली आणि माझ्यावर आदळली. दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला. तिसरा चुकला आणि माझी काच फुटली.

मित्रांनो, मी एक जुना माहितीफलक आहे. जुना म्हणजे चौदा महिन्यांचा. कागदाच्या मानाने हे वय पुष्कळ झाले. इंटरनेटवर सुरक्षित कसे राहावे, हे चित्रांतून सांगण्यासाठी मला घडवले.

घडवले ते कार्यालयातल्या मुरोईबाईंनी. पहिल्या आराखड्यात माझ्यावर अकरा सूचना आणि सात रंग होते. बाईंची एक रीत होती. कोणताही फलक छापण्याआधी त्या तो भिंतीला लावत आणि समोर दिसेल त्या माणसाला पाच पावलांवरून वाचायला सांगत. त्या दिवशी निवृत्त मच्छीमार इवाकिरी आजोबा तावडीत सापडले.

“अकरा? मुरोईबाई, एवढं मी मेल्यावर वाचीन, निवांत.”

अकराच्या तीन सूचना झाल्या. अक्षरांचे रंग दोनच उरले. मधोमध एक मोठा फोटो आला आणि त्यात तीन लाल बाण: एक विजेच्या खांबावरच्या पत्त्याच्या पाटीकडे, एक दुकानाच्या काचेतल्या प्रतिबिंबाकडे, एक फोटो टाकल्याच्या वेळेकडे. वर एकच ओळ: ‘हा फोटो तुमचा पत्ता सांगतो.’

आजोबा पुन्हा पाच पावलांवर उभे राहिले. “हां, आत्ता कळलं! हा खांब चुगलखोर आहे.”

फोटोत आईसकांडी धरलेला एक हात होता. तो चिगुसाचा. ती वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात काम करी. नवऱ्यापासून, सुगानोपासून, ती पळून आली होती. त्याने तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. डाव्या हाताची करंगळी दारात चेंगरली होती. ती वाकडीच जुळली. तिचा पत्ता कुणालाही देऊ नये, असा लेखी आदेश कार्यालयाच्या दप्तरात होता. मुरोईबाईंना हे ठाऊक होते.

“तुझा हात नको, चिगुसा. दुसरं कुणीतरी बघते मी.”

“बोटंच तर आहेत, ताई. बोटांवर काय माझं नाव लिहिलंय? आणि माझ्यासारखी एखादी जरी सावध झाली, तरी बास.”

बाईंनी काळजी घेतली. पाटीवर खोटा पत्ता टाकला, काचेतले प्रतिबिंब बदलले, गावाचे नाव कुठेही येऊ दिले नाही. फक्त उजव्या कोपऱ्यात, रस्त्यावर, गटाराच्या रंगवलेल्या झाकणाचा एक तुकडा राहून गेला.

आमच्याकडे प्रत्येक गावाच्या झाकणावर वेगळे चित्र असते. हौशी लोक त्यांच्या याद्या करतात. कुराउराच्या झाकणावर दीपगृह आणि माकूल मासा आहे. त्यातले रंगवलेले झाकण एकच, नगरकार्यालयाच्या दारासमोर.

मला प्रांतात पहिले बक्षीस मिळाले. माझ्या सहाशे प्रती रेल्वे स्थानकांवर लागल्या. शाळेतली मुले माझ्यापुढे उभी राहून बाण मोजत. मग कौतुक ओसरले. शेजारी कचरा उचलण्याचे वेळापत्रक आले, काचेवर धूळ बसली, कुणीतरी लसीकरणाची चिठ्ठी माझ्या मथळ्यावरच चिकटवली.

सुगानोने माझी एक प्रत प्रांताच्या दुसऱ्या टोकाच्या स्थानकावर पाहिली. करंगळी त्याने लगेच ओळखली. ती त्यानेच मोडली होती. यादीत झाकण शोधायला चार मिनिटे लागली, असे त्याने पोलिसांना सांगितले. नंतर कामकाजाचे तीन दिवस तो त्या झाकणाजवळ उभा राहिला. चौथ्या दिवशी तो चिगुसाच्या मागोमाग आत आला.

काच फुटल्यावर त्याने पुन्हा हात उचलला. मध्ये पडलेल्या कारकुनाचे मनगट मोडले. इवाकिरी आजोबांनी हल्लेखोराला अडवण्यासाठी कोपऱ्यात ठेवलेली, टोकाला दोन फाटे असलेली लांब काठी उचलली, सुगानोच्या छातीला लावली आणि त्याला भिंतीशी दाबून धरला. “हल तर खरा, मुडद्या!” आजोबा ओरडत होते. चिगुसाचे रक्त माझ्या कागदात शिरले. दोन बाण त्याखाली दिसेनासे झाले.

आता मी पोलीस ठाण्यात आहे. मंगळवारी मुरोईबाई जबाब द्यायला आल्या. तपास अधिकाऱ्याने मला टेबलावर पसरले.

“हे झाकण तुम्हाला दिसलं नाही?”

“नाही.”

“रोज त्याच्यावरून तर जाता.”

“रोज जाते, म्हणूनच दिसलं नाही,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझे तिन्ही बाण खरे होते. पण लोक बाण पाहून थांबले, आणि मला घडवणारीही थांबली. फोटो पाठवण्याआधी त्याचे चारही कोपरे पाहा. तुमच्या गावाबाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहा. कुणी लपून जगत असेल, तर तिच्या वतीनेही पाहा.

माझ्या सहाशे प्रतींपैकी पाचशे एकाहत्तर उतरवल्या गेल्या आहेत. एकोणतीस सापडलेल्या नाहीत. सुगानो कोठडीत आहे. चिगुसावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. काल दुपारी साडेतीनपर्यंत ती शुद्धीवर आलेली नव्हती.